मदत हवी आहे: मुलीसाठी गिटार, नवी घेऊ की सेकंडहँड? (बजेट १०,०००)

वाशिष्ठीकाठचा:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. मुलगी आठवीत आहे, गेले सहा महिने चिपळुणातच गिटारच्या क्लासला जाते. क्लासमध्ये सरांची गिटार मिळते पण घरी वाजवायला काही नाही, त्यामुळे शनिवारी शिकलेलं मंगळवारपर्यंत बोटांतून निघून जातं असं सरच म्हणाले. म्हणून आता तिची स्वतःची घ्यायची आहे, साधी स्टीलच्या तारांची ॲकॉस्टिक. बजेट दहा हजार, अगदीच ताणलं तर अकरा, आणि त्यात बॅग, ट्युनर, जादा तारा सगळं आलं.

पर्याय दोन. कराडच्या एका दुकानात फोन केला तर नवी यामाहा एफ ३१० साडेदहा हजार म्हणाले आणि एफ २८० आठ हजार. दुसरा पर्याय म्हणजे कराडलाच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा त्याची एफ ३१० विकतोय, पाच वर्षं वापरलेली, बॅग आणि कॅपोसकट सहा हजार. फोटोत झकास दिसते, पण फोटोत काय, आमचं घरपण झकास दिसतं.

घाबरायचं कारण असं की मी २००९ ला मुंबईत नोकरीला होतो तेव्हा एका दुकानातून अडीच हजाराला नवीकोरी गिटार घेतली होती, ब्रँडचं नावही धड आठवत नाही. नवी म्हणजे चांगली एवढंच डोक्यात होतं. तारा इतक्या वर की बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खालून करंगळी जायची, खोटं नाही सांगत. बोटांना फोड यायचे, मला वाटायचं आपल्यालाच जमत नाहीये. तीन महिन्यांत ती कपाटावर गेली आणि नंतर गावी माळ्यावर. जुलैत एका रात्री वर धाडकन आवाज झाला, आईला वाटलं मांजराने डबा पाडला, जाऊन बघतो तर ब्रिज (तारा अडकवतात ती लाकडी पट्टी) मुळापासून उखडून तारांना लोंबकळत होता, त्याच्यासोबत टॉपच्या, म्हणजे वरच्या पाटाच्या, लाकडाचं सालपटही आलेलं. हात न लावता, बंद बॅगेत.

म्हणजे नवीने फसवलेला माणूस आहे मी, आणि जुनी घ्यायची तर कळत काही नाही. रविवारी मुलीला घेऊन कराडला जायचं म्हणतोय. काय बघू?

पोहे आणि पॉवरकॉर्ड:

डोळे झाकून सेकंडहँड. गिटार दुकानातून बाहेर पडली की तिसरा हिस्सा किंमत गेली समजायची, तो भुर्दंड त्या पोराने भरलाय, तुम्ही कशाला परत भरताय. माझी पहिली गिटार सेकंडहँड, दुसरी सेकंडहँड, तिसरी नवी घेतली तीच सगळ्यात रद्दी निघाली.

आजोळचा पाहुणा:

काका मुलगी आठवीत आहे ना, नववी दहावीत क्लास, ट्युशन, सगळं मागे लागेल आणि गिटार जाईल माळ्यावर. त्यापेक्षा हार्मोनियम घ्या, घरात भजनाला तरी होईल. (राग मानू नका, आमच्या घरी हेच झालंय.)

वाशिष्ठीकाठचा:

@आजोळचा पाहुणा, हार्मोनियम आहे घरी. आईची. तिला हात लावलेला आईला चालत नाही, हाही एक मुद्दा आहे.

सहावी तार:

दादा, तुमच्या २००९ च्या गिटारला नेमकं काय झालं ते आधी सांगतो कारण रविवारी तेच बघायचंय. स्टीलच्या सहा तारा ट्यून केल्या की मिळून साधारण ७० किलोचा ताण पडतो, आणि तो रात्रंदिवस त्या चिकटवलेल्या ब्रिजवर असतो. पावसाळ्यात कोकणातली हवा ८०-९० टक्के दमट, लाकूड पाणी पितं, टॉप फुगतो, डिंक कमजोर असेल तर सुटतो. माळ्यावर टाकताना तारा सैल केल्या असत्यात तर बहुतेक वाचली असती. लांबच्या मुक्कामाला ठेवायची गिटार नेहमी दोन-तीन सूर उतरवून ठेवावी.

आता बघायचं कसं. एक स्टीलची पट्टी न्या, मिलिमीटरवाली. सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून किती वर आहे ते मोजा. दोन ते अडीच मिमी असेल तर मुलीचे हात दुवा देतील, तीन म्हणजे काम करावं लागणार, चारला नमस्कार करून निघा. मग तीच तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि मध्ये सहाव्या-सातव्यापाशी बघा. कागद जाईल एवढी फट हवी. काहीच फट नसेल किंवा नाणं जाईल एवढी असेल तर नेक, म्हणजे गिटारचा दांडा, वाकलीय. थोडीफार असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली धातूची सळी) सुधारते, पण तो स्वतः पिळू नका.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. कुठेही आत गेला तर ब्रिज उठायला लागलाय. ब्रिजच्या मागे टॉपला पोट आलंय का ते आडव्या उजेडात बघा, किंचित असतंच, ढेरी नको. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्यात का. डोकं जिथे नेकला मिळतं तिथे, नटच्या (तारा ज्या खाचांतून डोक्याकडे जातात ती पट्टी) मागे, केसासारखी चीर आहे का, गिटार पडली की तिथेच मोडते. शेवटी बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा आणि मग तिथेच दाबून वाजवा, ट्युनरवर दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत.

आणि कुणी सॉलिड टॉप (अखंड लाकडाचा) घ्या म्हणून चढवलं तरी ऐकू नका. आवाज त्याचा सरस, पण एफ ३१० काय नि २८० काय, दोन्हींचा टॉप प्लायचा, आणि तुमच्याकडच्या पावसात प्लायच बरा टिकतो.

नवी घेतलीत तरी हे सगळं बघाच. दुकानात वर्षभर भिंतीला टांगलेली गिटार नवी कसली.

पोहे आणि पॉवरकॉर्ड:

+१ शेवटच्या वाक्याला.

वाशिष्ठीकाठचा:

@सहावी तार, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून घेतलाय. खरंच धन्यवाद. रविवारी रात्री कळवतो.

वाशिष्ठीकाठचा:

आलो. सकाळच्या एसटीने कुंभार्ली घाट चढून गेलो, मुलीला पाटणपर्यंत बस लागत होती, कराडला उतरल्यावर आधी लिंबू सरबत मग गिटार.

त्या मुलाची खोली बघितली. पोरगा प्रामाणिक वाटला, स्वतःहून म्हणाला की दोन वर्षं कपाटामागे उभी होती, तारा ट्यून केलेल्याच. पट्टी लावली तर बाराव्यावर साडेतीन. पहिला-चौदावा दाबून बघितलं, नेक ठीक वाटली. फ्रेटवर खाचा अगदी थोड्या. मग खिशातलं एसटीचं तिकीट काढलं आणि ब्रिजच्या मागे लावलं. डावीकडे अडलं. मध्ये अडलं. उजव्या कोपऱ्यात, जाड तारांच्या बाजूला, सरकन आत गेलं, साधारण नखाएवढं. तो मुलगा खाली वाकून बघत होता, म्हणाला काका हे मला माहीतच नव्हतं. पाच हजार बोला म्हणाला, मग साडेचार.

आवाज मात्र मस्त. मुलगी त्याच्या कॉटवर बसून जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जात होती आणि मी तोंड वाईट करून उभा. आता सांगा, साडेचारला घेऊ का? की सोडू?

सहावी तार:

नखाएवढं म्हणजे सुरुवात आहे. दुरुस्त होतं. ब्रिज गरम करून पूर्ण काढायचा, जुना डिंक खरवडायचा, नवीन लावून शिकंजात एक दिवस ठेवायचं. हजार-दीड हजार घेतील. कडेने फेविक्विक भरून देतो म्हणणाऱ्याकडे अजिबात देऊ नका, नंतर कुणालाच धड काढता येत नाही. हिशोब केला तर साडेचार, दीड, तारा सहाशे, म्हणजे साडेसहाच्या आसपास, साडेदहाची गिटार. पैशाने वाईट नाही. पण करणार कुठे? चिपळुणात कुणी आहे?

मिरजवाली:

मध्येच बोलते. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. ब्रिज चिकटवणं त्यांच्यातल्या कुणालाही अवघड नाही, माझ्या भावाची गिटार तिथेच केली. फक्त आधी फोन करून गिटार घेता का विचारा, सगळे घेत नाहीत. आणि द्यायला एक फेरी, आणायला एक.

वाशिष्ठीकाठचा:

@मिरजवाली ताई, तीच तर गोम आहे. चिपळूणहून मिरज म्हणजे अख्खा दिवस, दोनदा. चिपळुणात विचारलं, सर म्हणाले तारा मी बदलून देईन, ब्रिजला हात लावणार नाही. पुण्यामुंबईत राहत असतो तर डोळे झाकून साडेचारला उचलली असती, तिथे गल्लीत माणूस मिळतो. इथे गिटार बिघडली की रजा टाकावी लागते, नवी-जुनीच्या हिशोबात ही रजा कुणी धरतच नाही.

राहिलेलं सांगतो. त्याच्या खोलीवरून निघून आम्ही दुकानात गेलो होतो. एफ २८० काढायला लावली. बाराव्यावर पट्टी लावली, तीन! नवी, प्लास्टिक न काढलेली. तारांवर गंजाचे ठिपके. दुकानदार म्हणाला वाजवून वाजवून बसेल. म्हटलं तुम्ही बसवा, मग घेतो. त्यांच्याकडे आत एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी तारा सोडल्या, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) काढलं, काचेवर पॉलिशपेपर ठेवून खालून घासलं. मध्येच मला समजावलं की बाराव्यावर एक मिमी उतरवायची तर सॅडल दोन मिमी घासावं लागतं, म्हणून घाई करायची नाही, जास्त गेलं तर तार फ्रेटवर थडथडते. दोनदा लावून काढलं. शेवटी सव्वादोन. तारा नवीन, बारीक, दहा नंबरच्या. तासभर गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत, तारांचे घेतले. बॅग, क्लिपचा ट्युनर धरून नऊ हजार तीनशे.

म्हणजे रविवारीच घेतली होती, इथे विचारलं ते मनाच्या समाधानासाठी. शिव्या घाला.

पोहे आणि पॉवरकॉर्ड:

घातल्या. आमचा वेळ खाल्लात. पण सॅडल समोर बसून घासून घेतलंत हे बेस्ट केलंत, अभिनंदन.

आजोळचा पाहुणा:

मुलगी काय म्हणते?

वाशिष्ठीकाठचा:

मुलगी म्हणते त्या दादाच्या गिटारचा आवाज जास्त भारी होता. आणि त्याचा काल मेसेज आला, काका तीन हजाराला घ्या, हॉस्टेल सोडतोय. बायकोला अजून दाखवला नाहीये.

एक शेवटचं विचारतो, मग धागा बंद. पाऊस यायला सहा आठवडे आहेत. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या म्हणतात, त्या किती टाकायच्या, आणि तव्यावर गरम करून परत वापरता येतात का? आई विचारतेय, कारण तवा तिचा आहे.