मदत हवी आहे: इंग्रजीत 'काऊ' आणि 'बीफ' यांची ताटातूट नेमकी केव्हा झाली?

नमस्कार मंडळी,

कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दांच्या इतिहासावर मराठीतून एक टिपण लिहीत आहे. त्यातील प्राण्यांच्या आणि खाद्यपदार्थांच्या जुन्या नावांचा भाग लिहिताना गाडी अडली, म्हणून हा धागा काढला आहे. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोठ्यात 'काऊ' आणि ताटात 'बीफ', कुरणात 'शीप' आणि ताटात 'मटन', खुराड्यात 'पिग' आणि ताटात 'पोर्क' असे का, याचे ठरलेले उत्तर आपण सर्वांनीच ऐकलेले असते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, जनावरे राखण्याचे काम इंग्रजी बोलणाऱ्या कुळांकडे राहिले, मांस मात्र फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांच्या पंगतीत गेले आणि म्हणून प्राण्याचे नाव इंग्रजी, मांसाचे फ्रेंच. हे उत्तर घरोघरी पोचवले ते वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधील 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने. तिच्यात वांबा हा विदूषक गर्थ नावाच्या डुकरे राखणाऱ्याला हेच समजावून सांगतो. अर्थात कल्पना स्कॉटची नव्हे, कारण जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात हे निरीक्षण आधीच नोंदवलेले आहे. (आपल्याकडे 'मटण' म्हटले की बहुधा बोकडाचेच समजले जाते, हे त्या फ्रेंच मेंढीचे आणखी पुढचे स्थलांतर.)

माझी शंका अशी की, हे उत्तर जरा जास्तच गोळीबंद आहे. ज्या फ्रेंचमधून हे शब्द आले, तिच्यात ही विभागणी नाहीच. तिथे 'बफ' म्हणजे बैलही आणि त्याचे मांसही, 'मुतों' म्हणजे मेंढाही आणि त्याचे मांसही. शिवाय १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, लेवीयच्या बाविसाव्या अध्यायात, होमार्पणासाठी आणायच्या जिवंत पशूंची यादी देताना मेंढरे आणि शेरडे यांच्या जोडीला चक्क 'बीव्ह्ज', म्हणजे 'बीफ'चे अनेकवचन, वापरलेले आहे. विल्यमच्या स्वारीनंतर साडेपाचशे वर्षांनीही 'बीफ' चार पायांवर उभे असेल, तर ही विभागणी सरदारांच्या पंगतीत झाली असे कसे म्हणायचे? उलट 'लँब', 'गूज' आणि 'फिश' या इंग्रजी शब्दांनी आजही दोन्ही बाजू सांभाळलेल्या आहेत. तेव्हा माझा मुख्य प्रश्न हा की, ही विभागणी पक्की होण्याचे श्रेय पुढच्या काळातील खाटीक, खानावळी आणि पाककृतींच्या पुस्तकांना द्यावे का, आणि तसे दाखवणारे भक्कम पुरावे कुठल्या शतकातील आहेत?

दुसरा प्रश्न अर्थसंकोचाचा आहे. जुन्या इंग्रजीत 'मेटे' म्हणजे कोणतेही अन्न. त्याच १६११ च्या बायबलमध्ये 'मीट ऑफरिंग' नावाचे जे अर्पण आहे, त्यात मांसाचा तुकडाही नसून सपीठ आणि तेल आहे. हा उतारा विद्यार्थ्यांना दाखवला की वेगळे काही समजावण्याची गरज पडत नाही. 'फुगोल', म्हणजे आजचा 'फाउल', हा पूर्वी कोणताही पक्षी होता आणि 'ब्रिड', म्हणजे आजचा 'बर्ड', हे पक्ष्याचे पिल्लू होते. पुढे पिल्लाने सगळे आकाश घेतले आणि थोरल्याच्या वाट्याला कोंबड्या-बदके उरली.

'देओर', म्हणजे आजचा 'डिअर', याचा अर्थ कोणतेही जनावर असा होता, जसा जर्मनमधील 'टिअर'चा आजही आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदीर आणि घुशींचीही गणना 'डिअर'मध्येच केलेली आढळते. गंमत म्हणजे त्याच प्राण्याच्या मांसाचे 'व्हेनिसन' हे नावसुद्धा असेच आक्रसलेले आहे. शिकार करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला हा शब्द आधी कोणत्याही शिकारीच्या मांसाला लागू होता. आपल्या 'मृग' शब्दाची वाटचाल जवळपास हीच आहे. संस्कृतात तो कोणत्याही रानपशूला लागतो, म्हणून सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग आणि शिकार ही मृगया. मराठीत मात्र त्याचे हरीणच झाले. शिकारीत ज्या प्राण्याला सर्वाधिक मान, त्याला सर्व पशूंचे नाव चिकटले, असे कारण दोन्हीकडे लावता येईल का, की हा निव्वळ योगायोग मानावा?

तिसरा प्रश्न छोटा आहे. कुत्र्याला जुन्या इंग्रजीत 'हुंड' म्हणत. 'डॉक्गा' हा शब्द अगदी उशिरा आणि क्वचित दिसतो, तरीही आज 'डॉग' राज्य करतो आणि 'हाउंड' शिकारी कुत्र्यापुरता उरला आहे. 'डॉग'ची व्युत्पत्ती अनिश्चित मानली जाते, हे ठाऊक आहे. तथापि 'फ्रॉग', 'स्टॅग', 'पिग' यांच्याशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून हे मूळचे लाडाचे किंवा घरगुती बोलीतले शब्द असावेत, या मताला अभ्यासकांमध्ये कितपत मान्यता आहे, हे कळल्यास उपकृत होईन.

उत्तर देताना शक्यतो मूळ मजकुरातील उदाहरण आणि त्याचा काळ द्यावा, म्हणजे ते टिपणात जसेच्या तसे घेता येईल. व्युत्पत्तीच्या फिरत्या ढकलपत्रांतील मजकूर मात्र कृपया येथे डकवू नये.