आयएसओ ९००१ साठी सल्लागार निवडताना काय तपासावे?

प्रश्न:
नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप असून फाउंड्रीकडून येणाऱ्या कास्टिंगवर आम्ही टर्निंग आणि ड्रिलिंगचे काम करून देतो. पुण्याच्या एका ग्राहकाने यापुढील ऑर्डरसाठी आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्राची अट घातली आहे. आमच्याकडे तीन सल्लागारांची कोटेशन आली आहेत. पहिला सल्ला आणि प्रमाणपत्र दोन्ही एकाच रकमेत, पंधरा दिवसांत देतो म्हणतो. दुसरा तयार क्वालिटी मॅन्युअल (गुणवत्तेच्या कार्यपद्धतींची पुस्तिका) देणार आहे. तिसऱ्याचे शुल्क सर्वांत जास्त असून तो सहा महिने मागतो. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
पहिल्याला आजच नकार कळवा. प्रमाणपत्र आयएसओ ही संस्था स्वतः देत नाही, ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांना लागू असलेल्या आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकानुसार प्रमाणन संस्थेला व्यवस्थापन प्रणालीचा सल्ला देता येत नाही. आपला पेपर आपणच तपासावा, तसा हा प्रकार आहे. एखादा सल्लागार 'अमुक संस्थेकडून घेतले तर प्रमाणपत्र लवकर मिळेल' असे सांगत असेल, तर तोही त्याच मानकाच्या विरुद्ध बोलतो आहे. प्रमाणन संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणारे भारतीय मंडळ) किंवा आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारातील दुसऱ्या मंडळाची अधिस्वीकृती, म्हणजे औपचारिक मान्यता, आहे का, हे आपण स्वतः पाहावे. अधिस्वीकृती नसलेले प्रमाणपत्र आपल्या ग्राहकाचा क्वालिटी विभाग बहुधा स्वीकारणार नाही, आणि मग सारा खर्च पाण्यात जाईल.

दुसऱ्याबद्दल एवढेच सांगतो की आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल बंधनकारक राहिलेले नाही. तरीही जो जाडजूड मॅन्युअल हाच आपला मुख्य माल म्हणून विकतो, तो आपल्या कामाकडे कितपत पाहील याची मला शंका वाटते.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र तिसरा महाग आहे म्हणून चांगलाच असेल, असेही गृहीत धरू नये. कोटेशन पक्के करण्यापूर्वी त्याला अर्धा तास शॉपमध्ये फिरवा आणि तो काय विचारतो ते ऐका. जाणता माणूस मायक्रोमीटर हातात घेऊन कॅलिब्रेशनची तारीख पाहतो, मशीनजवळ लावलेले ड्रॉइंग कोणत्या रिव्हिजनचे आहे ते विचारतो, रिजेक्शनच्या लाल पेटीतला एखादा जॉब उचलून 'हा कशामुळे गेला, आणि पुन्हा जाऊ नये म्हणून काय केले' असे थेट ऑपरेटरला विचारतो. जो केबिनमध्ये चहा घेऊन फक्त कामगारांची संख्या लिहून घेतो, त्याच्याकडून आपल्या शॉपला साजेशी पद्धत बसवली जाणे कठीण आहे.

पूर्वी मशीनिंगच्या ज्या कारखान्यांत त्याने काम केले, त्यांपैकी दोन ठिकाणी आपण स्वतः फोन करावा. 'प्रमाणपत्र मिळाले का' असे विचारू नका, ते मिळालेलेच असते. प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या सर्व्हेलन्स (देखरेख) ऑडिटला तुमच्या माणसांनी स्वतः उत्तरे दिली का, हे विचारा. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असली तरी सर्व्हेलन्स ऑडिट दरवर्षी होते, आणि तेव्हा सल्लागार शेजारी असेलच असे नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आमचे सुपरवायझर अनुभवी आहेत. सल्लागाराशिवाय हे काम होऊ शकेल का?

प्रतिसाद ३:
होऊ शकते, सल्लागार घेतलाच पाहिजे असे मानकात कुठेही म्हटलेले नाही. सुपरवायझरांना अंतर्गत ऑडिटचे प्रशिक्षण द्या आणि जिथे अडेल तेवढ्यापुरताच सल्लागार ठेवा. ठेवलात तर प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव आणि भेटींची संख्या करारात लिहून घ्या, कारण बोलणी करायला अनुभवी माणूस येतो आणि कामाला नवशिका पाठवला जातो, असे अनेकदा घडते. शेवटचा हप्ता प्रमाणन संस्थेच्या दुसऱ्या टप्प्याच्या (प्रत्यक्ष कामाच्या तपासणीच्या) ऑडिटमधील त्रुटी बंद झाल्यावरच द्यावा.