मदत हवी आहे: स्वतःची गाडी पहिल्यांदाच ड्रॅग स्ट्रिपवर उतरवायची आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात ड्रॅग स्ट्रिपवर खुला दिवस आहे. तपासणीत पास होईल ती गाडी पळवता येते, म्हणून नाव देऊन टाकलंय. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पळायचं आणि वेळेची स्लिप घेऊन परत यायचं. गाडी रोजच्या वापरातली पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनात काडीचाही बदल केलेला नाही.

गाडीची तयारी बऱ्यापैकी झाली आहे. ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड बघितलं, बॅटरीचा क्लॅम्प आवळला. चाकांचे नट आदल्या दिवशी टॉर्क पान्याने तपासणार. स्टेपनी, जॅक, बाटल्या, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, सगळं काढून ठेवणार. हेल्मेट आहे. फुल पँट आणि बंद बूट घालणार.

घोडं अडलंय ते सुरुवातीच्या रेषेपाशी. व्हिडिओत सगळे पाण्यातून जाऊन धूर काढतात, ते मीही करायचं का? टायरमध्ये हवा किती ठेवू? क्लच किती आरपीएमला सोडू? आणि ते ख्रिसमस ट्री, म्हणजे सुटायचा इशारा देणारा दिव्यांचा खांब! कुणी म्हणतं हिरवा दिसला की सुट, कुणी म्हणतं तोवर उशीर झालेला असतो. जाणकारांनी कृपया सांगावं. "त्यापेक्षा ट्रेकिंगला जा" हा सल्ला घरून मिळालेला आहे.

प्रतिसाद १:

पाण्यात अजिबात जाऊ नका. ती सोय स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या गुळगुळीत टायरवाल्यांसाठी. तुमच्या टायरच्या खाचांत पाणी भरतं आणि नेमकं रेषेवर येऊन गळतं. बाजूने वळसा घाला, पलीकडे कोरड्यात हँडब्रेक ओढून चाकं क्षणभर फिरवा. खडी-माती झटकली जाते, तेवढं पुरे. एसीही रांगेत असतानाच बंद करा, त्याचं पाणी ट्रॅकवर ठिबकलेलं मार्शलना खपत नाही.

पुढच्या टायरची हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआयने कमी करून बघा. त्याखाली नको, शेवटच्या टप्प्यात वेग बराच असतो आणि मऊ टायरवर गाडी हेलकावते. मागचे आहेत तसे ठेवा. घरी निघण्यापूर्वी पुन्हा हवा भरायला विसरू नका.

आता दिवे. सगळ्यात वर प्री-स्टेज. तो लागला म्हणजे पुढचं चाक रेषेपासून सुमारे ७ इंचांवर आलं. इथे थांबा, शेजारच्यालाही तिथवर येऊ द्या. मग क्लचवर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घ्या. स्टेजचा दिवा लागताक्षणी ब्रेक. आणखी पुढे सरकण्यात तुमचा तोटाच आहे, कारण वेळ मोजायला सुरुवात होते ती चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणातून (तो चाकाने अडला की स्टेजचा दिवा लागतो) बाहेर पडल्यावर. थोडं मागे राहिलात तर घड्याळ सुरू होण्याआधीच गाडी जराशी वेगात आलेली असते.

नंतर तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक, आणि मग हिरवा. (काही ठिकाणी तिन्ही एकदम लागून ०.४ सेकंदात हिरवा येतो, आधी विचारून घ्या.) शर्यत लावणारे शेवटच्या पिवळ्यावरच सुटतात, कारण डोळा, पाय आणि गाडी यांना मिळून तेवढा वेळ लागतोच. तुम्ही मात्र खुशाल हिरव्याची वाट बघा. तुमचा रिॲक्शन टाइम वेगळा छापला जातो, तो धावेच्या वेळेत धरत नाहीत. रेषेवर दोन सेकंद झोपून राहिलात तरी धावेच्या वेळेत फरक पडणार नाही. हिरव्याआधीच सुटलात आणि लाल दिवा लागला तरी खुल्या दिवशी कुणाचं बिघडत नाही.

क्लचचा आकडा कुणीच सांगू शकणार नाही. पहिली धाव रस्त्यावर जोरात निघतो तशी काढा, मग थोडं थोडं वाढवत जा. स्लिपवर पहिल्या ६० फुटांची वेळ असते, माझ्या मते नवख्याने तेवढीच वाचावी. तिथे एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड-दोन दशांश वाचतात. चाकं नुसती किंचाळत असतील तर आरपीएम जास्त होतंय.

धागाकर्ता:

खूप आभार, पाण्याचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. अजून दोन शंका. दोन धावांच्या मध्ये काय करायचं? आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर?

प्रतिसाद २:

वरच्या प्रतिसादाला +१. मध्ये बोनेट उघडून गाडी थंड होऊ द्या. तापलेली हवा इंजिनात गेली की ताकद कमी होते, आणि लागोपाठ धावांत क्लचचा वास येऊ लागतो. आला तर सरळ थांबा.

रेषेनंतर पाय उचला, ब्रेक हळूहळू दाबा आणि स्वतःच्या लेनमध्येच राहा. शेजारची गाडी कुठे आहे हे दिसल्याशिवाय वळायचं नाही, विशेषतः तिच्यासमोरून. सहसा परतीच्या रस्त्याजवळच्या लेनमधली गाडी आधी बाहेर पडते, पण सकाळच्या ब्रीफिंगमध्ये विचारून ठेवा. धावताना टेंपरेचरचा काटा चढला किंवा काही गळतंय अशी शंका आली तर लगेच कडेला घेऊन उभे राहा, गाडी स्ट्रिपभर पुढे नेऊ नका. सांडलेलं कूलंट पुसून होईपर्यंत सगळ्यांचा खोळंबा होतो.

न विचारलेलं एक: विम्याची पॉलिसी काढून वाचा. बहुतेक पॉलिसींत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात.