जाड, वेव्ही केस आणि कोकणातला पावसाळा: पार्लरमध्ये नेमकं काय मागायचं?

किनाऱ्यावरची

वय ४७. केस खूप जाड, वेव्ही, पाठीच्या मध्यापर्यंत. राहणं दापोलीकडे, समुद्राजवळ. जून ते सप्टेंबर न्हायलं की केस संध्याकाळपर्यंत आतून ओलेच राहतात. रोज स्कूटर, म्हणजे हेल्मेट आलंच. सकाळी केसांना दहा मिनिटांच्या वर वेळ नाही. ड्रायरवर भिस्त ठेवायची नाही, पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. कानशिलांजवळ पांढरे आलेत, ते राठ आहेत आणि उभेच राहतात. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं.

पार्लरमध्ये दोनच उत्तरं मिळतात: स्टेप कट करा, नाहीतर स्मूदनिंग करा. माझी एकच अट आहे, गौरी-गणपतीत साडीवर अंबाडा घालता आला पाहिजे. किती लांबी ठेवू, ट्रिम किती दिवसांनी, आणि पार्लरवालीला कोणत्या शब्दांत सांगू? बॉब शोभेल का हा प्रश्न नाही, सांभाळता येईल का ते सांगा.

कात्रीवाली_कुडाळ

ताई, तुमच्या अटींत बसणारी लांबी एकच: गळ्याच्या हाडाखाली तीन-चार बोटं. एवढ्यात क्लचर लागतो, छोटा अंबाडा होतो, हेल्मेटखाली मानेशी रबर लावता येतो आणि वाळायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. याहून वर गेलात तर जाड केसांचं वजन कमी होतं आणि ते खाली बसायचे सोडून बाजूला फुगतात. हनुवटीशी कापलेले जाड वेव्ही केस वर चपटे आणि खाली पसरट त्रिकोण होतात, तो याच कारणाने.

आता पार्लरमध्ये सांगायचं ते असं. मागून हलका यू, व्ही नको. व्ही कटमध्ये शेपटाचं टोक बारीक होतं आणि अंबाड्यात ते टोक सारखं निसटतं. लेअर लांब हवेत, सगळ्यात आखूड लेअर हनुवटीच्या वर जाता कामा नये. आखूड आणि लांब यांत आठ ते दहा सेंटीमीटरचाच फरक ठेवा. आपल्याकडचा नेहमीचा स्टेप कट डोक्याच्या वरच्या भागापासूनच पायऱ्या पाडतो. सरळ केसांवर तो चालतो, वेव्हीवर वरचे आखूड केस आखडून टोपीसारखे बसतात आणि खाली शेपट्या लोंबतात. कपाळावर फ्लिक्स अजिबात नकोत. दमट हवेत त्या दोन बोटं वर चढतात आणि रोज सकाळी तुमची दहा मिनिटं तिथेच जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थिनिंगची कात्री. "केस फार जाड आहेत, थोडे हलके करते" असं म्हणत ती दातेरी कात्री मुळापासून फिरवली जाते. त्या दिवशी फार छान वाटतं. पण आत जे दोन-तीन सेंटीमीटरचे खुंट तयार होतात ते वरच्या लांब केसांना खालून उचलून धरतात, आणि दोन महिन्यांत केस आधीपेक्षा जास्त फुगतात. "थिनिंग नको, टोकांना पॉइंट कटिंग करा" असं स्पष्ट सांगा. म्हणजे कात्री उभी धरून शेवटच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये खाचा पाडायच्या. वजन तिथून काढायचं. वस्तऱ्याने टोकं कापू देऊ नका, केसाची कड सोलवटते आणि फाटे लवकर फुटतात.

वेव्ही केस ओले असताना ताणून कापले तर वाळल्यावर दोन ते चार सेंटीमीटर वर जातात. म्हणून ओल्यात कापायचे असतील तर तीन सेंटीमीटर जास्त ठेवायचे आणि वाळल्यावर उरलेलं नीट करायचं. जाताना केस धुतलेले, पूर्ण वाळलेले, बिनतेलाचे आणि न बांधलेले असू देत, म्हणजे तुमची लहर कुठून सुरू होते ते कापणारीला दिसेल. आणि शेवटी ब्लो-ड्राय नको म्हणा. ब्लो-ड्रायखाली वाकडा कटही सरळ दिसतो, दोष घरी गेल्यावर पहिल्या न्हाण्याला कळतो.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणून दर तीन महिन्यांनी ट्रिम पुरते. आपल्या हवेला धरून वेळा ठरवा: मे महिन्याचा मध्य, गणपतीच्या पंधरा दिवस आधी, नोव्हेंबर, फेब्रुवारी. गणपतीच्या आदल्या दिवशी कापू नका. नवीन कट बसायला एक-दोन न्हाणी लागतात, शिवाय त्या दिवशी कुठल्याही पार्लरमध्ये कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

शेपटावाली

कापूची घाई कित्याक, गो?

जाड केसांना सगळ्यात कमी देखभालीची वेणी. सैल तीन पेडांची, रात्री घालून झोपलं की सकाळी गुंता नाही, हेल्मेटखालून सरळ बाहेर येते. पाठीच्या मध्यापर्यंतचे केस वर्षातून दोनदा टोकांना कापले तरी भागतं. छोट्या कटला उलट दर तीन महिन्यांची पार्लरची फेरी आली. लांबी अडचण नाहीच, ओले बांधणं ही अडचण आहे.

कात्रीवाली_कुडाळ

वेणीबद्दल मान्य. पण यांना सकाळी न्हाऊन बाहेर पडायचं असतं आणि पावसाळ्यात एवढे लांब केस आतून वाळतच नाहीत. ओली वेणी घातली की टाळूला कुबट वास आणि कोंडा, दोन्ही पाठोपाठ येतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून घट्ट रबराजवळच केस तुटलेले दिसतात. रात्री वाळवायची सोय असेल तर लांब केस जरूर ठेवा.

जवस_आणि_पंचा

कटबद्दल वर सगळं आलं. पण कितीही चांगला कट असो, धुण्याची पद्धत चुकली तर फुगणारच. केसातल्या प्रथिनांचे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. पावसाळी हवेत ते दिवसभर सुटत-जुळत राहतात, म्हणून सकाळचा आकार दुपारपर्यंत टिकत नाही. उपाय हाच की केस वाळत असतानाच त्यांना आकार द्यायचा आणि वाळले की हात लावायचा नाही.

आठवड्यातून दोनदा न्हा, शक्यतो संध्याकाळी पाच-सहाला, म्हणजे झोपेपर्यंत वाळतील. तासभर आधी दोन चमचे खोबरेल फक्त लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात, हे 2003 च्या एका अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाशी तुलना करून दाखवलेलं आहे. कोंडा असेल तर टाळूवर तेल जिरवत ठेवू नका, कोंड्याची बुरशी त्याच तेलावर वाढते. शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर लांबीला, जाड केसांना वीस मिलिलीटर तरी लागतो, नखाएवढ्याने काहीही होत नाही. तो केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवा. त्यानंतर पुढच्या न्हाण्यापर्यंत फणी बंद. कोरडे वेव्ही केस विंचरले की लहर मोडते आणि फक्त पिसारा उरतो.

पाणी गळत असतानाच दोन चमचे जेल तळव्यांवर पसरून लावा आणि केस मुठीत धरून खालून वर दाबा. टॉवेलने खसाखसा पुसू नका. सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट पंधरा मिनिटं गुंडाळा, मग पंख्याखाली मोकळे सोडा. वाळल्यावर केस कडक, पापडासारखे लागतील. बहुतेक जणी इथेच घाबरून पुन्हा धुतात. तळव्यावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून केस हलके चुरा, कडकपणा जातो आणि लहर राहते.

जेल घरी होतं. दोन टेबलस्पून जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गॅस बंद करून गरम असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळा. गार झालं की काही केल्या गाळता येत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. लाईट बराच वेळ गेली असेल तर वास घेऊन बघा, आंबट आला तर ओतून द्या. विकतचं घेणार असाल तर घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत नको. ते हवेतली ओल ओढून घेतं. थंडीत ठीक, आपल्या जुलैत केस फुगवतं.

मचूळ पाण्याला शाम्पूचा फेस धरत नाही आणि क्षार केसांवर बसतात. एप्रिल-मेमध्ये शेवटचा तांब्या-दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, पंधरा दिवसांतून एकदा क्लॅरिफाइंग (केसांवर साठलेला थर काढणारा) शाम्पू वापरा. पावसात पागोळ्यांचं पाणी धरता येतं. छप्पर एक-दोन चांगल्या सरींनी धुऊन निघाल्यावर धरलेलं पाणी केसांना नळाच्या पाण्यापेक्षा चांगलं.

किनाऱ्यावरची

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. बॉब आणि स्मूदनिंगबद्दल थोडं सांगा. आणि पांढऱ्यांचं काय करू?

कात्रीवाली_कुडाळ

बॉब: दिसतो छान, पण दर सहा आठवड्यांनी मानेवरचे केस नीट करावे लागतात, अंबाडा होत नाही, आणि सकाळी उशीने दाबलेली बाजू ओली करून पुन्हा बसवावी लागते. तुमच्या अटींत नापास. मानेवर घाम आणि जाडी फारच असेल तर केसांच्या खालच्या रेषेपासून चार सेंटीमीटरचा पट्टा आतून आखूड करता येतो, वरून झाकला जातो. वजन खरंच कमी होतं. पण उंच अंबाड्यात तो दिसतो, आणि पुन्हा वाढवायचा म्हटलं तर वर्ष जातं.

स्मूदनिंग म्हणजे केसांतले पक्के बंध रसायनाने तोडून केस कायमचा सरळ करणं. सहा महिन्यांत मुळाशी सहा-सात सेंटीमीटर वेव्ही केस येतात, खाली काठीसारखे सरळ, आणि मग दरवर्षी तेच करत राहावं लागतं. याला कमी देखभाल कसं म्हणायचं? पार्लरमधली केराटिन ट्रीटमेंट, म्हणजे द्रावण लावून इस्त्रीने केस सरळ करणं, तात्पुरती असते, पण त्यातल्या बऱ्याच द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि पार्लरची एसीची खोली बंद असते. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. "फॉर्मल्डिहाइड नाही" म्हणून विकतात त्यांतल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

पांढरे राठ वाटतात कारण वयाबरोबर टाळूचं तेल कमी होतं. कानशिलांवर उरलेलं जेल दोन बोटांनी खाली दाबून लावलं तर ते बसतात. संपूर्ण रंगवलेत तर चार ते सहा आठवड्यांनी मुळं दिसणारच. माझं मत विचाराल तर रंगवू नका, किंवा भांगाजवळ चार-पाच बारीक हायलाइट घ्या, म्हणजे पांढऱ्याची रेघ उठून दिसत नाही. साधी मेंदी पांढऱ्यांवर केशरी चढते. "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हाच रासायनिक डाय असतो, त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते, तेव्हा कानामागे लावून ४८ तास थांबल्याशिवाय डोक्याला लावू नका.

भांग_मधला

एक पुरवणी. या वयात जाड केसही भांगाजवळ विरळ होऊ लागतात. भांग रुंद दिसत असेल तर लेअर कमी ठेवा, खालची दाटी टिकते, आणि भांगाची जागा बदलत राहा. रोजचा घट्ट अंबाडा कानशिलांवरचे केस ओढून काढतो. दिवसाला पन्नास-शंभर केस जाणं साधं आहे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती होते ती बहुतेकदा आपोआप थांबते. पण मूठमूठ जात असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कट बदलून ते थांबणार नाही.

किनाऱ्यावरची

मेच्या मध्यात गळ्याच्या हाडाखाली चार बोटं, हलका यू, थिनिंग नाही, असं ठरवते. एवढ्या छोट्या अंबाड्यावर अबोलीची वळेसर (गजरा) टिकेल का?

शेपटावाली

टिकते. मानेशी रबर लावा, शेपटा पिळून गुंडाळा, टोक रबराखाली खोचा. पाच-सहा यू-पिना लागतील. पीन आधी अंबाड्यापासून बाहेरच्या दिशेने थोडे केस पकडून घालायची, मग उलटी फिरवून आत सारायची, म्हणजे सुटत नाही. केस आदल्या दिवशी धुतलेले बरे, त्याच दिवशी धुतलेले निसटतात. वळेसर अंबाड्याभोवती सैल गुंडाळून दोन्ही टोकांना काळ्या पिना फुलीसारख्या लावा. पीन दोऱ्यातून जाऊ दे, फुलातून नको.