झांकीची ग्रँट : सोसायटी ग्रुप, इंदूर

स्वाती (ए-302): सुप्रभात सगळ्यांना. काल बहिणीच्या कॉलनीच्या ग्रुपवर आलं होतं की सरकार मुलांच्या कलेच्या प्रोजेक्टला पैसे देतं. आपल्या पोरांचं चाललंय ना, झांक्या बनवणाऱ्या कापड मिलच्या जुन्या लोकांकडून शिकून अनंत चतुर्दशीला छोटी चालती झांकी, म्हणजे हलत्या मूर्तींचा देखावा, करायची, त्याच्यासाठी अप्लाय करूया का? फॉर्म मी भरते, फक्त सोसायटीचा शिक्का आणि सही पाहिजे. संध्याकाळपर्यंत मिळेल का?

जोशी (सी-101): वा वा जरूर करा. शिक्का मागच्या सेक्रेटरींकडेच राहिलाय

पराग (बी-204): मिळतात किती पण

मीनाकाकू (सी-303): आज नर्मदेचं पाणी किती वाजता येणारे?

नानाकाका (बी-001): स्वाती थांब गं जरा. शिक्क्याने नाही भागायचं. आमच्या नाटकमंडळाचा हिशेब मी नऊ वर्षं सांभाळलाय म्हणून सांगतो. आपला रहवासी संघ रजिस्टर आहे हे खरं, पण त्याच्या उद्देशात काय लिहिलंय ते वाच, पाणी, गार्ड, लिफ्ट, साफसफाई. कलेचा क नाही त्यात. केंद्राची ती कल्चरल फंक्शनवाली ग्रँट असते ना, तिच्यात संस्था कलेचं काम करणारी पाहिजे, रजिस्टर होऊन तीन वर्षं झालेली पाहिजे, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंद पाहिजे. राज्याचं संस्कृती खातंही अशासकीय संस्थांना अनुदान देतं, तिथेही संस्थाच लागते. ग्रुप म्हणजे संस्था नव्हे.

पराग (बी-204): भिया किती मिळतात ते सांगा ना आधी

नानाकाका (बी-001): सांगतो. केंद्राच्या ग्रँटमधे साधारणपणे 5 लाखांपर्यंत, पण खर्चाच्या 75 टक्केच, बाकीचे 25 आपले. आणि मंजूर झालेलेही एकदम हातात येत नाहीत, आधी 75 टक्के आणि उरलेले काम झाल्यावर, हिशेब दिल्यावर. म्हणजे 4 लाखांचं काम धरलं तर मंजूर 3 लाख, हातात सुरुवातीला सव्वादोन, आपल्या खिशातले 1 लाख, आणि वरचे 75 हजार दुसरा हप्ता येईपर्यंत कोणीतरी अडकवून ठेवायचे. ते "कोणीतरी" एकदा मी होतो. हिच्या एफडीतनं गेले होते, अजून टोमणे ऐकतो.

जोशी (सी-101): 🙈

स्वाती (ए-302): हप्ता का अडकला होता पण?

नानाकाका (बी-001): पगड्यांवरनं! चौदा पगड्या भाड्याने आणल्या होत्या, दुकानदाराने चिटोऱ्यावर लिहून दिलं "पगडी 14 नग" आणि खाली आकडा. ना तारीख, ना सही, ना दुकानाचं नाव. तबलजींना नगद साडेसहा हजार दिले, त्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, आता 5 हजारांच्या वर नगद दिलं तर एक रुपयाचं तिकीट लावायचं असतं हे पोराटोरांना कोण सांगणार. सीएनी युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले या दाखल्यावर, सही करायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. ऑफिसात चार चकरा झाल्या, दर वेळी टेबलावरचा माणूस वेगळा आणि कागद नवा. नाटक मात्र छान झालं हं.

मीनाकाकू (सी-303): ते होळकरांवरचं ना? मी पहिल्या रांगेत होते. पाणी आलं बरं का, अकराला

पराग (बी-204): मग सोडा झंझट, घरटी 500 काढू

अदिती (डी-402): आजोबा सांगताहेत ते टाइप करतेय. ते म्हणतात ग्रँटचं नंतर बघा, झांकीत हलणार काय ते आधी ठरवा. हुकुमचंद मिलमधे ते फिटर होते, 1991 मधे मिल बंद पडली तोपर्यंत. म्हणतात मूर्तीचा हात वर-खाली करायला जास्त काही लागत नाही, गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, एक मोठं चाक एक छोटं. छोटं चाक मोटरला लावलं की हात सावकाश उठतो, उलटं लावलं तर माशी मारल्यासारखा हलतो. मुलांना हे हातानं करू द्या म्हणतात, नुसती झिरमिळ्या चिकटवायला बसवायचं असेल तर मला बोलवू नका

स्वाती (ए-302): आजोबांना नमस्कार 🙏 हे तर मी फॉर्ममधे लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं "बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी व संस्कृती संवर्धनासाठी"

नानाकाका (बी-001): ते सगळेच लिहितात, वाचणाऱ्याला त्याच्यावर झोप येते. अदितीने आत्ता टाकलं तेच लिही. किती मुलं, कुठल्या वयाची, किती रविवार, शिकवणार कोण, शेवटी काय उभं राहणार. आणि बजेटमधला प्रत्येक आकडा या कामातनं निघाला पाहिजे. बारा मुलं आणि खुर्च्या दोनशे असं नको.

अदिती (डी-402): आजोबा मानधन घेणार नाही म्हणतात

नानाकाका (बी-001): घ्यायला सांग, व्हाउचरवर सही करून. मग मुलांना कुल्फी खाऊ घाला म्हणावं. शिकवणाऱ्याला फुकट राबवायची सवय आपल्या मराठी मंडळांना फार, अगदी वाईट सवय आहे ती.

पराग (बी-204): काका आमची गायत्री तबला शिकते तिला काही मिळतं का, 19 ची आहे

नानाकाका (बी-001): सीसीआरटीची, म्हणजे केंद्राच्या संस्कृती खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची, स्कॉलरशिप बघ, 18 ते 25 वयाला, महिन्याला 5 हजार, दोन वर्षं. गुरूकडे निदान पाच वर्षं शिकलेली पाहिजे, आणि तसा गुरूंचा कागद पाहिजे. बघ, इथेही कागद.

स्वाती (ए-302): म्हणजे यंदा आपलं काही नाही होणार तर

नानाकाका (बी-001): ग्रँट नाही, झांकी होणार. परागचे घरटी 500 घेऊ, पण पक्क्या पावत्यांवर, वेगळ्या फाइलमधे, फोटोमागे तारीख टाकून. आणि दोनपैकी एक ठरवा. एखाद्या जुन्या रजिस्टर्ड संस्थेला सांगू की अर्ज तुमच्या नावाने, काम आमचं, पण मग खातं आणि हिशेब त्यांचाच राहील, नंतर कुरकूर नको. नाहीतर सात जण काढा, फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे राज्याच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली स्वतःचं रजिस्टर करू, दरवर्षी कलम 27 ची कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 चं ऑडिट न चुकता भरू, आणि तीन वर्षांनी ताठ मानेनं मागू. पोरं तोवर कॉलेजात जातील, धाकटी येतील.

जोशी (सी-101): मी सातांत आहे. शिक्का पण आणतो

मीनाकाकू (सी-303): मी पण. मीटिंग माझ्याकडे, पोहे करते

अदिती (डी-402): आजोबा विचारताहेत जुनी सायकल आहे का कोणाकडे

पराग (बी-204): पार्किंगमधे पिलरला टेकलेली हिरवी माझीच आहे, घेऊन जा. चेन गंजलीय थोडी

नानाकाका (बी-001): पराग, दान दिली म्हणून दोन ओळी लिहून दे. तारीख टाक.