मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या आईच्या हृदयाची तपासणी

आईला बरीच वर्षं टाइप २ मधुमेह आहे, पाळी जाऊनही काळ लोटलाय. हल्ली जिना चढताना धाप लागते, कधी जबडा नि पाठ दुखते. छातीत दुखत नाही, म्हणून ‘वयामुळे होतंय’ म्हणत ती विषय संपवते. विश्रांती घेताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ना?

घरात सगळी काळजी मात्र बाबांच्या हृदयाची! २०१४ मध्ये ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली होती. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका मधुमेही पुरुषांत साधारण २.२ पट, तर मधुमेही बायकांत २.८ पट दिसला. पुरुषांचा मूळ धोकाच जास्त असतो, हे मान्य. तरी बायकांना मिळणारं नैसर्गिक संरक्षण मधुमेह बरंचसं खाऊन टाकतो, असं दिसतं.

हृदयतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. अशी लक्षणं असलेल्या कुणाच्या आईला, बहिणीला स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) सांगितली की सीटी अँजिओग्राफी (हृदयधमन्यांचं सीटी स्कॅन)? लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीवरचा परिणाम दाखवणारं प्रथिन), कोलेस्टेरॉल यांचे ताजे रिपोर्ट आधीच करून न्यावेत का? आणि आईला तपासणीला तयार कसं करायचं, तेही सांगा. खरी अडचण तिथेच आहे.