शब्दचर्चा : प्रेषण-वेळापत्रक ‘निर्माण’ करावे की ‘बसवावे’?

मूळ प्रश्न

संगणक-नेटवर्कवरील एका लेखाचे मराठीकरण करताना ‘टाइम-सेन्सिटिव्ह नेटवर्क’ आणि त्यासाठीचे ‘ट्रान्समिशन शेड्यूल जनरेशन’ या संज्ञा वारंवार येतात. सध्या मी ‘कालसंवेदनशील जाळ्यांसाठी पारेषण अनुसूची निर्मिती’ असे लिहिले आहे. सुटे शब्द कोशात सापडतात, परंतु संपूर्ण पद वाचून नेमके काय तयार होते आणि ते कोण वापरते, याचा बोध होत नाही. जाणकारांनी प्रत्येक शब्दाविषयी मत द्यावे, ही विनंती.

पहिले उत्तर

शब्द ठरवण्यापूर्वी वस्तू पाहणे बरे. साध्या इथरनेटमध्ये (तारेने जोडलेल्या नेटवर्कच्या नेहमीच्या तंत्रात) स्विचपाशी, म्हणजे तारा एकमेकींना जोडणाऱ्या उपकरणापाशी, आलेली फ्रेम (माहितीचा एक तुकडा) रांगेत उभी राहते आणि पुढची तार मोकळी झाली की निघते; किती वेळ थांबावे लागेल याची हमी कोणी देत नाही. यंत्रमानवाच्या सांध्याला दिलेली आज्ञा किंवा वाहनाच्या ब्रेकचा संदेश असा बेभरवशाचा असून चालत नाही. म्हणून आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१ गटाने मानकांचा एक संच तयार केला. त्यातील ८०२.१क्यूबीव्ही-२०१५ या मानकानुसार स्विचच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोर्टवरील रांगांना (त्या जास्तीत जास्त आठ असतात) गेट बसवलेले असते, आणि कोणते गेट कोणत्या क्षणी उघडावे व किती वेळ उघडे ठेवावे याची एक यादी स्विचला आधीच दिलेली असते. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सर्व स्विचची घड्याळे ८०२.१एएस या मानकाने एकमेकांशी जुळवलेली असल्यामुळे एका स्विचचे गेट उघडण्याची वेळ दुसऱ्या स्विचच्या हिशेबात धरता येते. आपण ज्याला ‘शेड्यूल’ म्हणता ती म्हणजे प्रत्येक फ्रेम प्रत्येक तारेवर कोणत्या क्षणी निघेल याची नेटवर्क सुरू होण्यापूर्वी केलेली नोंद, आणि गेटच्या याद्या त्यावरून काढल्या जातात.

हे लक्षात घेतल्यावर ‘अनुसूची’ हा शब्द बाजूला ठेवावा असे वाटते. मराठीत अनुसूची म्हणजे कायद्याला किंवा संविधानाला जोडलेली यादी. तिच्यात वेळेचा काहीही संबंध नसतो. ‘वेळापत्रक’ हा रुळलेला शब्द असताना दुसरीकडे जाण्याचे कारण दिसत नाही. ‘समयसारणी’ हिंदीची छटा घेऊन येते. ‘पारेषण’ विजेच्या संदर्भात इतके पक्के झाले आहे की वाचकाच्या डोळ्यांसमोर उच्चदाबाच्या वाहिन्याच येतील. ‘प्रसारण’ म्हटले की एकाकडून अनेकांकडे जाणारा कार्यक्रम समजला जातो. येथे मोजला जाणारा क्षण हा फ्रेम पोर्टमधून निघण्याचा आहे, म्हणून ‘प्रेषण’ योग्य. ‘प्रेषण-वेळापत्रक’ येथपर्यंत मला अडचण वाटत नाही.

शंका

‘वेळापत्रक’ मान्य आहे, पण ‘कालसंवेदनशील’ला पर्याय काय? ‘कालबद्ध’ सुचवावा, तर ‘कालबद्ध कार्यक्रम’ या सरकारी प्रयोगामुळे तो शब्द घासून गुळगुळीत झालेला आहे.

उत्तर

घासलेला असला तरी अर्थाने तो अचूक आहे. ‘संवेदनशील’ शब्द मराठीत मनाच्या हळवेपणासाठी किंवा तणावाच्या परिस्थितीसाठी वापरला जातो, आणि ‘संवेदी’ म्हणावे तर ज्ञानेंद्रियांचा किंवा संवेदकांचा भास होतो. वेळ ओळखणारे नेटवर्क असा भलताच अर्थ निघेल. या नेटवर्कची खरी हमी अशी आहे की विलंब एका ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार नाही. तो सरासरीने कमी असेल, असे वचन त्यात नसते; किंबहुना वेळापत्रकानुसार चालणारी एखादी फ्रेम तार मोकळी असूनही आपले गेट उघडेपर्यंत थांबते, त्यामुळे ‘अतिजलद नेटवर्क’ हे सुटसुटीत वाटणारे भाषांतर तर साफ दिशाभूल करणारे आहे. विलंबाला घातलेले बंधन ‘बद्ध’ या पदात उघड दिसते. म्हणून मी ‘कालबद्ध नेटवर्क’ निवडेन. ‘जाळे’ लिहिण्याचा आग्रह असल्यास हरकत नाही, परंतु ‘नेटवर्क’ सर्वांना कळते.

दुसरे उत्तर

माझा मुद्दा ‘निर्मिती’विषयी आहे, आणि या पदातील सर्वांत कच्चा दुवा मला तोच वाटतो. निर्मिती म्हटले की नसलेली वस्तू घडवणे सूचित होते. येथे फ्रेम ठरलेल्या आहेत, त्यांचे आवर्तनकाळ (किती वेळाने त्या पुन्हा पाठवायच्या) ठरलेले आहेत, बहुधा मार्गही ठरलेले आहेत. काम उरते ते या सर्वांना एकमेकांच्या आड न येऊ देता वेळेत बसवण्याचे. शाळेतील शिक्षक ‘वेळापत्रक बसवतात’, कारण एक शिक्षक एका तासाला दोन वर्गांवर असू शकत नाही. क्रियापद नेमके तेच हवे.

अटी पाहा. एका तारेवर एका वेळी एकच फ्रेम. पुढच्या स्विचवरून ती निघण्याची वेळ मागच्या स्विचवरून ती पूर्ण येऊन पोचण्यानंतरची हवी, आणि घड्याळांमधील संभाव्य फरकही त्यात धरलेला हवा. शेवटच्या ठिकाणी ती मुदतीत पोचली पाहिजे. यातली पहिली अट दिसते साधी, पण गणित अवघड होते ते तिच्यामुळेच: प्रत्येक जोडीबाबत ‘ही आधी किंवा ती आधी’ असा निर्णय करावा लागतो. एका तारेवर दहा फ्रेम असतील तर त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि एका तारेवर निवडलेला क्रम पुढच्या तारांवरील पर्याय बदलून टाकतो. ही समस्या सर्वसाधारण रूपात एनपी-कठीण वर्गातील आहे, म्हणजे मोठ्या आकारासाठी ती नेहमी जलद सोडवणारी पद्धत ज्ञात नाही.

त्यातच आवर्तनांचा प्रश्न येतो. ४, ६ आणि १० मिलिसेकंदांनी परतणारे तीन प्रवाह (ठरावीक काळाने येणाऱ्या फ्रेमच्या मालिका) असतील, तर वेळापत्रक त्यांच्या लसाविइतके, म्हणजे ६० मिलिसेकंदांचे असावे लागते आणि त्यात अनुक्रमे १५, १० व ६ अशा ३१ फ्रेम बसवाव्या लागतात. १० च्या जागी ११ आले की लसावि १३२ होतो आणि फ्रेम ६७. स्विचमधील यादीत किती नोंदी मावतात याला मर्यादा असल्यामुळे हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही. या कालावधीला (इंग्रजीत ‘हायपरपीरियड’) ‘महाचक्र’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘अतिआवर्त’ उच्चारालाही जड आहे.

शंका

‘गार्ड बँड’साठी ‘संरक्षक पट्टा’ लिहिलेले पाहिले आहे. ते येथे चालेल का?

उत्तर

पट्टा जागेचा किंवा वारंवारतेचा असतो. येथे वेळ राखून ठेवलेली आहे. महत्त्वाच्या रांगेचे गेट उघडण्याच्या नेमक्या क्षणी एखादी सामान्य फ्रेम तारेवर अर्धी गेलेली असू नये, म्हणून तिला काही काळ आधीपासून निघूच दिले जात नाही. तारेवर १५४२ बाइट व्यापणारी सर्वांत मोठी फ्रेम धरली, तर १०० मेगाबिटच्या तारेवर ही राखीव वेळ सुमारे १२३ मायक्रोसेकंद आणि १ गिगाबिटच्या तारेवर सुमारे १२.३ मायक्रोसेकंद भरते. ‘राखीव अवधी’ पुरेसा स्पष्ट आहे. फ्रेम मध्येच थांबवून नंतर उरलेली पाठवण्याची सोय (८०२.१क्यूबीयू) वापरल्यास हा अवधी बराच कमी करता येतो, त्या सोयीला ‘खंडित प्रेषण’ म्हणता येईल.

पुरवणी

‘बसवणे’ स्वीकारल्याचा एक फायदा नमूद करण्याजोगा आहे. या क्षेत्रात वेळापत्रक दोन प्रकारांनी शोधले जाते. पूर्णांकी रेषीय प्रायोजनासारख्या (पूर्णांक उत्तरे असलेली रेषीय समीकरणे व असमानता सोडवणाऱ्या) किंवा तार्किक अटी सोडवणाऱ्या पद्धती पुरेसा वेळ मिळाल्यास उत्तर देतात, अथवा उत्तर अस्तित्वातच नाही हे सिद्ध करतात. याउलट अंदाजाने पुढे सरकणाऱ्या जलद पद्धती मोठ्या नेटवर्कसाठी उपयोगी पडतात, पण त्यांना यश आले नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘शेड्यूल मिळाले नाही’ या वाक्यात हे दोन्ही अर्थ एकत्र होतात आणि वाचक गोंधळतो. पहिल्या स्थितीला ‘वेळापत्रक बसूच शकत नाही’ आणि दुसऱ्या स्थितीला ‘वेळापत्रक बसले नाही’ असे लिहावे; पहिल्या स्थितीत अभियंत्याला मार्ग, मुदती किंवा तारांचा वेग बदलावा लागतो, तर दुसऱ्या स्थितीत तेच नेटवर्क दुसऱ्या पद्धतीने पुन्हा सोडवून पाहता येते.